जुन्या मोटारहोममधील बॅटरी व चार्जर यांचे दोषशोधन

स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आणि आत झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानगृहाची सोय असलेल्या वाहनाला मोटारहोम म्हणतात. अमेरिका व कॅनडा येथे ही वाहने मोठ्या संख्येने वापरात आहेत. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो कंपनीने 1966 मध्ये मोटारहोमचे उत्पादन सुरू केले आणि पुढच्या काळात ही वाहने मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनलेली अनेक मोटारहोम आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार विजेविषयी असते. संध्याकाळी दिवे मंदावतात, पाण्याचा पंप अडखळतो, पहाटे हीटर पेटत नाही. अशा वेळी बॅटरी गेली असे समजून नवी बसवली जाते आणि काही आठवड्यांत तीही उतरते. मूळ दोष बहुधा बॅटरीत नसून तिला भरणाऱ्या मार्गात असतो. तो मार्ग टोकापासून टोकापर्यंत मोजत जाणे हाच दोषशोधनाचा गाभा आहे.

मोटारहोममध्ये 12 व्होल्टच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक इंजिनाची बॅटरी, जी काही सेकंद शेकडो अँपिअर देऊन स्टार्टर फिरवते. दुसरी निवासी बॅटरी, जी दिवे, पंप व पंखे तासन्‌तास चालवते. पहिलीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात, दुसरीच्या जाड. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी या दुसऱ्या जातीची आहे. निवासी बाजूला 12 व्होल्टची एखादी बॅटरी किंवा गोल्फगाडीसाठी बनवलेल्या 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. कित्येक वाहनांत त्यांची जागा दाराच्या पायरीखाली असते, त्यामुळे चिखल, मीठ व ओल यांचा मारा थेट त्यांच्या जोडांवर होतो.

निवासी बॅटरी दोन वाटांनी भरते: प्रवासात इंजिनाच्या जोरावर वीज निर्माण करणाऱ्या आल्टरनेटरकडून आणि मुक्कामी कन्व्हर्टरकडून. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून किंवा वाहनातील जनरेटरकडून मिळणाऱ्या 120 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे 12 व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. जुने कन्व्हर्टर जड लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालत आणि सतत गुणगुणत. त्यांतील काही रचनांत खांबाची वीज मिळताच एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, दिवे व पंप यांना बॅटरीपासून तोडून थेट कन्व्हर्टरवर नेत असे आणि बॅटरीसाठी वेगळा, फारच क्षीण चार्जर असे. अशा वाहनात तो छोटा चार्जर वर्षभर बंद पडलेला असला तरी दिवे झगझगीत लागतात. दिवे लागतात म्हणजे बॅटरी भरते आहे, हा समज येथे पुरता फसवा ठरतो.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासूनच करावी, पण ती विसावलेली असताना. चार्जर काढल्यावर काही तास तिच्यावर वरवरचे जादा व्होल्टेज टिकून राहते आणि व्होल्टेज व प्रवाह मोजणारा मल्टिमीटर खोटा आशावादी आकडा दाखवतो. चार्जर व भार (दिवे, पंप अशी वीज ओढणारी साधने) दोन्ही तोडून रात्रभर ठेवलेली निरोगी शिसे-आम्ल बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास ती निम्मी रिती असते. पूर्ण भरूनही आकडा 10.5 च्या जवळ घुटमळत असेल, तर बॅटरीतील सहा घटांपैकी, म्हणजे स्वतंत्र कप्प्यांपैकी, एक आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी, कारण प्रत्येक घट सुमारे 2.1 व्होल्टचा असतो. बुचे उघडता येणाऱ्या बॅटरीत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर याहून विश्वासार्ह ठरतो. भरलेल्या घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व 1.265 च्या आसपास असते आणि घटाघटांत 0.050 किंवा अधिक तफावत आढळली तर ती बॅटरी बदलण्याच्या लायकीची झाली असे मानतात. 6 व्होल्टच्या जोडीत प्रत्येकीचे व्होल्टेज स्वतंत्र मोजावे. दोघींत ठळक फरक असेल तर एकच बदलून भागत नाही, कारण जुनी बॅटरी नव्या जोडीदाराला आपल्याच पातळीवर ओढते.

यानंतर खांबाची वीज जोडून बॅटरीच्या खुंट्यांवर पुन्हा मोजावे. एकाच टप्प्याचा, म्हणजे सतत एकच व्होल्टेज देणारा, जुना चार्जर 13.6 ते 13.8 व्होल्टच्या दरम्यान असतो. नंतरच्या बहुटप्पी यंत्रांत आरंभी 14.4 पर्यंत चढ आणि पुढे 13.2 पर्यंत उतार दिसतो. बॅटरी फार उतरलेली असेल तर आकडा तासन्‌तास हळूहळू चढतो, म्हणून पहिल्याच क्षणी निष्कर्ष काढू नये. मात्र 12.5 वर तो हालतच नसेल, तर आता मोजमाप कन्व्हर्टरच्या निर्गमावर, म्हणजे 12 व्होल्ट बाहेर पडतात त्या टोकावर, न्यावे. तेथे 13.6 आणि बॅटरीवर 12.5 असेल, तर मधली तार, फ्यूज किंवा बॅटरी तोडणारा स्विच दोषी. त्या स्विचमागचा रिले गंजून अडकतो आणि दाराजवळचे बटण दाबल्यावर नुसती टक्‌ ऐकू येते. निर्गमावरच काही नसेल, तर 120 व्होल्टच्या बाजूचा ब्रेकर व सॉकेट तपासावे आणि मग उलट-ध्रुवतेचे फ्यूज पाहावेत.

या फ्यूजांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कन्व्हर्टरवर बहुधा 30 किंवा 40 अँपिअरचे दोन फ्यूज शेजारी असतात आणि बॅटरी उलटी जोडली गेली की ते तत्क्षणी उडतात. ती चूक होण्याचे कारण तारांच्या रंगांत आहे. मोटारगाडीच्या यंत्रणेत काळी तार ऋण मानली जाते, पण अमेरिकी मोटारहोमच्या निवासी बाजूला बहुधा काळी तार धन आणि पांढरी ऋण असते. गाडीच्या सवयीने हात चालवणारा मेकॅनिक काळी तार ऋण खुंटीला लावतो, ठिणगी उडते, तो चूक दुरुस्त करतो आणि दिवे लागलेले पाहून निघून जातो. नवी बॅटरी बसवल्यापासून चार्जिंग बंद पडले असेल, तर सर्वप्रथम हेच फ्यूज पाहावेत. तारेचा रंग कोणताही असो, मल्टिमीटरने ध्रुव पडताळल्याशिवाय जोडू नये.

फ्यूज शाबूत असूनही चार्जिंग रखडत असेल, तर जोडांतील रोध शोधावा लागतो आणि तो केवळ प्रवाह वाहत असतानाच दिसतो. हीटरचा पंखा, जो साधारण 7 ते 10 अँपिअर ओढतो, आणि सर्व दिवे लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे तिच्यावर आवळलेल्या पकडीवर टेकवावे. चांगल्या जोडात मल्टिमीटर शून्याजवळ राहतो. तेथे अर्धा व्होल्ट दिसला, तर वरून स्वच्छ दिसणाऱ्या पकडीच्या आत करड्या ऑक्साइडचा थर साचलेला असतो. हीच कृती पुढे ऋण तार जेथे चासीला बोल्टने बसवली आहे तेथे करावी. तो बोल्ट सोडवला की तारेच्या तांब्यावर हिरवी पूड आणि पोलादावर गंज हमखास आढळतो. दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत करून पुन्हा आवळले की बऱ्याच वाहनांची ‘बॅटरी’ सुधारते.

हीटरचा पंखा फिरतो पण ज्योत पेटत नाही, हेही कमी व्होल्टेजचेच लक्षण असू शकते. पंखा मंद फिरला तर हवेच्या झोताने चालणारा सुरक्षा-स्विच लागत नाही आणि गॅसची झडप उघडत नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या नियंत्रक फळीलाही 12 व्होल्ट लागतात, म्हणून तोही अशा वेळी बंद पडतो.

प्रवासात निवासी बॅटरी भरत नसेल, तर दोष बहुधा इंजिनाची व निवासी बॅटरी जोडणाऱ्या विलगकात असतो. हा विलगक दोन प्रकारचा असतो. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) प्रकारात इंजिन चालू झाल्यावर संपर्क मिटून दोन्ही बॅटऱ्या एक होतात. इंजिन चालू असताना त्याच्या दोन जाड खुंट्यांमधील फरक जवळजवळ शून्य हवा. एखादा व्होल्ट दिसला तर आतले संपर्क जळलेले आहेत, मग तो कितीही जोरात वाजो. उलट संपर्क चिकटून बसले तर रात्रीच्या दिव्यांनी इंजिनाचीही बॅटरी रिती होते आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) प्रकारात मुळातच 0.6 ते 0.7 व्होल्ट खर्ची पडतात. आल्टरनेटरचा नियामक बॅटरीकडील व्होल्टेज पाहत नसेल, तर या रचनेत दोन्ही बॅटऱ्या कायम अर्धपोटी राहतात.

उभ्या वाहनात बॅटरी उतरत असेल, तर गुप्त भार मोजावा. सर्व काही बंद करून ऋण तार सोडावी आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून मध्ये जोडावा. या स्थितीत इंजिन चुकूनही सुरू करू नये. गॅसगळती-सूचक, रेडिओची स्मृती व फ्रिजची फळी मिळून 0.25 अँपिअर ओढत असतील, तर दिवसाला 6 अँपिअर-तास जातात आणि 100 अँपिअर-तासांची बॅटरी साधारण आठ दिवसांत निम्मी होते. काही वाहनांत गॅसगळती-सूचक मुख्य स्विचला वळसा घालून जोडलेला असतो. तो सुरक्षेसाठी असल्याने कापून टाकणे गैर आहे. दीर्घ मुक्कामात ऋण तारच काढून ठेवावी. रिती बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. शिवाय रित्या बॅटरीतील आम्ल पाण्याच्या जवळ आलेले असते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ते गोठून खोके फुटते.

जुन्या एकटप्पी चार्जरचा दोष याच्या उलट दिशेचाही असतो. आकडा 13.8 वर खिळलेला ठेवून तो महिनोन्‌महिने जोडून ठेवला, तर ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हात पाणी उकळून जाते आणि पट्ट्या उघड्या पडतात. 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंश सेल्सिअस वाढीमागे सुमारे 0.03 व्होल्ट कमी द्यावे लागते. जुने चार्जर ही दुरुस्ती करत नाहीत. पाणी डिस्टिल्डच घालावे आणि ते चार्जिंग झाल्यावर घालावे. पट्ट्या उघड्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घालावे. भरताना निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांहून अधिक झाला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून पेटीची हवेची भोके मोकळी ठेवावीत आणि तार सोडताना ऋण आधी, जोडताना ऋण शेवटी, हा क्रम पाळावा. आम्ल सांडल्यास खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुतात.

यंत्रणा मोजून दोष कन्व्हर्टरमध्येच ठरला, तर जुना ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्यापेक्षा बहुटप्पी कन्व्हर्टर बसवणे बहुधा हिताचे, मात्र त्याची उच्चतम पातळी बॅटरीच्या जातीशी जुळायला हवी. आम्ल जेलीसारखे घट्ट केलेल्या जेल बॅटरीला 14.1 व्होल्टच्या वर नेले तर आत बुडबुडे अडकून ती बिघडते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला जुना 13.6 चा चार्जर पूर्ण भरू शकत नाही आणि तिचा अंतर्गत रोध अतिशय कमी असल्याने ती आल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढते की तो तापून जळू शकतो. त्यामुळे अशा बदलात विलगकाच्या जागी प्रवाहावर मर्यादा घालणारा एकदिश-ते-एकदिश चार्जर बसवला जातो.