गुदमरलेलं बाळ आणि नंतरचे सहा तास

१९८० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये जन्मताना गुदमरलेल्या बाळांच्या मेंदूतली ऊर्जा मोजायला सुरुवात झाली. चुंबकीय अनुनादाच्या यंत्रातून, कवटीला धक्काही न लावता, पेशींतल्या फॉस्फरसयुक्त रेणूंचा हिशेब लागत होता. आपल्याला वाटेल, की सगळ्यात वाईट आकडे पहिल्या काही तासांतले असणार आणि मग सुधारणा. दिसलं भलतंच. पहिल्या दिवशी आकडे जवळजवळ ठीक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऑक्सिजन पुरेसा मिळत असतानाही, मेंदूची ऊर्जा ढासळत गेलेली.

पहिला घाव समजायला सोपा आहे. वार वेळेआधी सुटते, किंवा नाळ बाळाच्या आधी खाली येऊन दाबली जाते. पेशींचा ऊर्जापुरवठा तुटतो, ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं, पेशी फुगतात. काही तिथेच मरतात. पण बाळाला श्वास दिला, रक्त वाहू लागलं, की बाकीच्या पेशी सावरतात. इथून साधारण सहा तासांचा शांत काळ सुरू होतो. बाळाचा रंग परत आलेला असतो, ठोके नीट पडत असतात. मला हाच काळ सगळ्यात फसवा वाटतो, कारण आत दाह, म्हणजे इजेला शरीर देतं ती सूज आणणारी प्रतिक्रिया, पेटायला लागलेला असतो.

तो पेटवण्यात मोठा वाटा मायक्रोग्लिया या पेशींचा. मेंदूत राहत असल्या तरी त्या मूळच्या मेंदूच्या नाहीत. गर्भ अगदी इवलासा असताना पीतक कोशातून, म्हणजे गर्भाला सुरुवातीला जोडलेल्या पिशवीतून, निघून त्या तिथे वस्तीला येतात. एरवी आपले बारीक फाटे हलवत त्या आजूबाजूला चाचपत असतात. शेजारची पेशी फुटून तिच्या पोटातला ऐवज बाहेर आला, की फाटे आत ओढून घेतात, गोलसर होतात आणि इंटरल्युकिन-१, टीएनएफ अशी रसायनं सोडू लागतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, आणि सावरलेल्या पेशीही या धुमश्चक्रीत सापडतात. बोटात काटा रुतला की जे होतं तेच हे, फक्त बोटाला सुजायला जागा असते, कवटीतल्या मेंदूला नसते. बाळाची टाळू अजून भरलेली नसते म्हणून थोडी सवड मिळते, इतकंच.

मग दाह मारून का टाकू नये? उंदरांच्या नवजात पिलांमध्ये मायक्रोग्लिया आधीच काढून टाकून मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता रोखून पाहिला, तर इजा वाढली. याच पेशी मेलेल्यांचा मलबा उचलतात आणि पुढे डागडुजीलाही मदत करतात. आग लावणारा आणि विझवणारा एकच असेल तर त्याला हाकलायचं कधी, हा खरा पेच आहे.

सध्या हाती असलेला उपाय ऐकायला विचित्र आहे: बाळाला गार करणं. नवजात बाळाला गुंडाळून ऊब द्यायची, हे सगळ्यांच्या हातात बसलेलं असतं. इथे उलट. खालच्या गादीतून थंड पाणी फिरतं, गुदद्वारात ठेवलेली बारीक तार तापमान सांगत राहते, आणि शरीर ३३.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ७२ तास धरून ठेवायचं. सुरुवात जन्मानंतर सहा तासांच्या आत, म्हणजे त्या शांत काळातच. थंडीने पेशींची ऊर्जेची भूक मंदावते आणि दाहही. जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर सात बाळं गार केली की त्यांतलं एक मृत्यूपासून किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचतं.

आणि तरीही २०२१ मध्ये भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीत हा फायदा दिसला नाही. उलट गार केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. असं का, यावर वाद आहे. एक शक्यता अशी, की यातल्या अनेक बाळांची इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झाली होती. आपण घड्याळ जन्मापासून लावतो. मेंदूचं घड्याळ कदाचित पोटातच सुरू झालेलं असतं. दुसरा संशय जंतुसंसर्गावर. जिवाणूंच्या आवरणातलं विष आधी टोचून, मग ऑक्सिजन तोडलेल्या उंदरांच्या पिलांना थंडीचा उपयोग झाला नाही. मायक्रोग्लिया आधीच चेतलेल्या असतील, तर सहा तासांची सवलत उरतच नसावी.

औषधांचंही अजून जमलेलं नाही. दाह कमी करील म्हणून एरिथ्रोपोएटिनकडून, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाकडून, मोठी आशा होती. अमेरिकेत ५०० गार केलेल्या बाळांवर ते तपासलं गेलं आणि २०२२ मध्ये निकाल आला: थंडीच्या जोडीला दिल्याने फरक पडला नाही.

७२ तास संपले की बाळाला पुन्हा ऊब द्यायची, पण घाई न करता, ताशी फार तर अर्धा अंश. घाईने आकडी येऊ शकते. मग काही दिवसांतच एमआरआय काढतात आणि नजर आधी मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमसकडे जाते. तिथल्या पेशींना ऊर्जा फार लागते, म्हणून घावही तिथेच खोल बसतो.