निवड कुणाची? खेळाची की हाडांची?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कॅनडातल्या लेथब्रिज शहरात कुमार आइस हॉकीचा सामना चालू होता. प्रेक्षकांत बसलेल्या पॉला बार्न्स्ली खेळाडूंची माहितीपुस्तिका चाळत होत्या. जन्मतारखांवरून नजर फिरवताना त्यांच्या लक्षात आलं, की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येताहेत. त्यांचे पती रॉजर मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आकडेवारी गोळा केली आणि १९८५ मध्ये शोधनिबंध आला: वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतली मुलं भरपूर आणि शेवटच्या तिमाहीतली मोजकीच.

ज्योतिषांनी हुरळून जायचं कारण नाही. कॅनडात या खेळाचे वयोगट १ जानेवारीला पाडतात. २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. दहा वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ एक दशांश आयुष्याचा झाला. मोठा तो उंच, जोरकस. निवड त्याची होते. मग त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, जास्त सामने मिळतात आणि दोन-तीन वर्षांनी तो खरोखरच सरस खेळू लागतो. निवडणारा म्हणतो, बघा, माझी नजर! बेल्जियममध्ये १९९७ मध्ये फुटबॉलच्या वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली, तर ‘भाग्यवान’ महिनेही पाठोपाठ सरकले. ग्रह जागच्या जागीच होते.

पण जन्मतारीख हा या गोष्टीतला सोपा भाग. खरी गंमत हाडांत आहे.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला वाढीची चकती म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. एका बाजूच्या पेशी विभागत राहतात, मधल्या फुगतात, दुसऱ्या बाजूच्या मरतात आणि त्यांच्या सांगाड्यावर कॅल्शियम बसून नवं हाड तयार होतं. हाड लांबतं ते असं. वयात येताना संप्रेरकं हा वेग वाढवतात आणि पुढे तीच चकती बंदही करतात. बंद करण्याचं काम मुलग्यांमध्येसुद्धा मुख्यतः इस्ट्रोजेन, म्हणजे ‘बायकांचं’ समजलं जाणारं संप्रेरक करतं; टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमटेज नावाचं विकर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरातला इस्ट्रोजेनचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारं पेशीतलं प्रथिन, निकामी होता. उंची २०४ सेंटिमीटर, चकत्या अजून उघड्या आणि हाडांचं वय, म्हणजे एक्स-रेत हाडांची वाढ ज्या वयाची दिसते ते, अवघं १५! टेस्टोस्टेरॉन मात्र व्यवस्थित होतं. तोवर पाठ्यपुस्तकं मुलग्यांच्या बाबतीत सगळं श्रेय टेस्टोस्टेरॉनला देत होती.

हे घड्याळ प्रत्येकाचं वेगळं चालतं. उंची सर्वांत वेगाने वाढते ती मुलींत सरासरी बाराव्या आणि मुलग्यांत चौदाव्या वर्षाच्या सुमारास. त्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. मुलग्यांत स्नायूंची ताकद त्यानंतर काही महिन्यांनी येते. त्यामुळे एकाच वर्गातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाडांच्या वयात चार वर्षांचं अंतर सहज निघतं. शिवाय जानेवारीतलं मूल उशिरा वाढणारं असू शकतं आणि डिसेंबरमधलं लवकर वाढणारं. म्हणजे हे दोन वेगळे पक्षपात आहेत. पहिला दाखल्यावरून दिसतो, दुसरा दिसत नाही.

आता आपल्याकडच्या शालेय स्पर्धा पाहा. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. मधला गट तीन वर्षांचा. नुकतीच चौदा पूर्ण झालेली, मिसरूडही न फुटलेली पोरं जवळजवळ सतरा वर्षांच्या बाप्यांसमोर उभी राहतात. त्यांना ‘अंगात खेळ नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं, ती बहुतेक परत येत नाहीत. पालक मग बोटांच्या ठशांवरून ‘जन्मजात कल’ सांगणाऱ्या दुकानात पैसे मोजतात. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटातच पक्क्या होतात. मूल कबड्डी खेळणार की बुद्धिबळ, याचा त्यांना पत्ता नसतो.

मी निवडीच्या विरोधात नाही. राज्याच्या संघात सगळ्यांना घेता येत नाही. पण वाढीचा झपाटा येऊन जाण्याआधी गाळणी लावली, तर ती खेळापेक्षा चकत्यांचं वेळापत्रकच जास्त मोजते. नॉर्वेने १९८७ मध्येच मुलांच्या खेळासाठी नियम केले. आजच्या नियमांनुसार मूल ज्या वर्षी अकराचं होतं, त्याआधी निकालांचे तक्ते नाहीत आणि तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. सुमारे ५४ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं जिंकली. श्रेय फक्त या नियमांना देणं भाबडेपणाचं ठरेल; बर्फ, पैसा आणि परंपरा तिथे आहेतच. पण सगळ्यांना खेळवल्याने देश मागे पडतो, हा दावा मात्र टिकत नाही. २०२१ मध्ये क्रीडासंशोधक गुलिच आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जागतिक दर्जाचे प्रौढ खेळाडू लहानपणी जास्त प्रकारचे खेळ खेळलेले आणि आपल्या मुख्य खेळाकडे उशिरा वळलेले आढळले.

एक स्वस्त उपायही आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांचा सामना पाहणाऱ्या निवडकर्त्यांना जन्मतारखांची यादी दिली, तरी त्यांचा कल मोठ्या मुलांकडेच राहिला. दुसऱ्या गटाला सांगितलं, की जर्सीवरचे आकडे वयाच्या क्रमाने आहेत. तिथे तो कल नाहीसा झाला. आपल्याकडे हे उद्या करता येईल, पण जन्मतारीख खरी असेल तरच. शाळेत नाव घालताना सोयीने लावलेल्या १ जूनच्या वाढदिवसांची आपल्याला सवय आहे, आणि क्रिकेट मंडळाला १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं. त्या तपासणीत वय चोरणाऱ्यांबरोबर एखादा प्रामाणिक पण लवकर वाढलेला मुलगाही अडकू शकतो.