मासे कुठे गेले, याचे उत्तर गाळात

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1936-37च्या हंगामात सात लाख टनांहून अधिक सार्डीन (तारलीच्या जातीचे मासे) पकडले गेले. पुढच्या दीड दशकात मासा इतका आटला की कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बंदरातले डबाबंद माशांचे कारखाने एकेक करून बंद पडू लागले. बेसुमार मासेमारी, हे कारण उघड दिसत होते. ते खरेही होते, पण अपुरे होते.

उरलेले कारण कॅलिफोर्नियातल्याच सांता बार्बराजवळच्या समुद्रतळात सापडले. तिथल्या खोल पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे गाळ उकरणारे जीव तिथे टिकत नाहीत आणि वर्षानुवर्षांचे थर जसेच्या तसे राहतात. त्या थरांमध्ये माशांचे खवले असतात. ते मोजून संशोधकांनी सुमारे 1,700 वर्षांचा इतिहास उभा केला. त्यात सार्डीन नऊ वेळा मोठ्या प्रमाणावर कोसळलेले आणि पुन्हा वाढलेले दिसतात; शिवाय चढउतारांची साधारण साठ वर्षांची एक लयही दिसते. यातल्या बहुतेक काळात समुद्रात मोठी जाळी नव्हतीच! विज्ञानातले इतके बोलके पुरावे थोडेच असतील.

मग हे चढउतार कशाने होतात? प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान आणि वारे दोन-तीन दशके एका वळणावर राहतात, मग दुसऱ्या वळणावर जातात. अलास्कातील सॅल्मनच्या पकडीचा आणि हवामानाचा संबंध शोधताना मत्स्यशास्त्रज्ञ स्टीव्हन हेअर यांनी 1996मध्ये या बदलाला ‘पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन’ हे नाव दिले. 1976-77मध्ये असे एक वळण आले, तेव्हा अलास्कात सॅल्मन भरभरून मिळू लागले, तर दक्षिणेला वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये ते घटले.

तापमानातला फरक अनेकदा एखाद्या अंशाचा असतो. तरी परिणाम एवढा मोठा का, याचे उत्तर पिल्लांमध्ये आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाजवळची शिदोरी काही दिवसांतच संपते. त्याच वेळी, त्याच जागी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मिळाले तर ते जगते. नॉर्वेचे सागरी संशोधक योहान यॉर्ट यांनी 1914मध्येच या नाजूक काळाकडे लक्ष वेधले होते. समजा, एका मादीने आयुष्यभरात एक लाख अंडी घातली. त्यातली दोन प्रौढ झाली तर संख्या कायम राहते. चार झाली तर पुढच्या पिढीत दुप्पट होते. लाखात दोनाचा हा फरक वारा, प्रवाह आणि खालून वर येणारे पोषक पाणी सहज घडवतात.

‘ऊन पाणी म्हणजे सार्डीन’ असे सोपे सूत्र मात्र चालत नाही. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाचे सार्डीन उबदार दशकांत वाढले, तर जपानचे तुलनेने थंड पाण्याच्या काळात. जपानची वार्षिक पकड 1980च्या दशकाच्या अखेरीस 40 लाख टनांवर गेली आणि काही वर्षांतच कोसळली.

म्हणून ‘हवामान की मासेमारी’ हा वादच मला चुकीचा वाटतो. जाळी आधी मोठे, वयस्क मासे नेतात. भरपूर अंडी घालणारे आणि वाईट वर्षे काढून पुन्हा विणणारे मासे तेच असतात. ते संपले की सगळी भिस्त एक-दोन वर्षांच्या पिल्लांवर राहते. पडत्या काळातही पकड पूर्वीसारखीच राहिली तर घसरण खोल जाते आणि सावरायला दशके लागतात. कॅलिफोर्नियात सार्डीनच्या मासेमारीला 1967मध्ये मनाई झाली. मासा परतल्यावर 1986मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढे तिथली पकडीची मर्यादा ठरवणाऱ्या सूत्रात समुद्राचे तापमानही घेतले गेले. 2015मध्ये साठा खालावताच मोठी व्यापारी मासेमारी पुन्हा थांबवावी लागली.