वाणांच्या नोंदी: वाविलोवच्या मोहिमांपासून मोबाइलपर्यंत

वांग्याच्या रोपाचा फोटो काढला की ओळख पटवणारं ॲप 'वांगं' एवढंच सांगतं. वाण कोणता, बी कुणाकडून आलं, पाऊस लांबला तर ते तग धरतं का, हे त्याला ठाऊक नसतं. पिकांची विविधता नोंदवण्यातली खरी अडचण इथेच आहे आणि ती जुनी आहे.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२६ साली पिकांच्या उगमकेंद्रांची, म्हणजे कोणतं पीक मूळ कुठलं याची, मांडणी केली आणि देशोदेशींचं बियाणं लेनिनग्राडच्या संस्थेत जमवलं. दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला वेढा पडला. संग्रहात धान्य असूनही त्याला हात न लावता तिथले काही कर्मचारी उपासमारीनं गेले. वाविलोव स्वतः १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले. या कामाची इतकी मोठी किंमत कुणीतरी मोजली आहे, हे विसरता येत नाही.

१९७० मध्ये अमेरिकेत करपा रोगानं मक्याचं सुमारे १५ टक्के पीक नेलं. बहुतेक संकरित मका एकाच मातृवंशाचा होता, म्हणून रोगाला मोकळं रान मिळालं. त्यानंतर बियाणं जपून ठेवणाऱ्या जनुकपेढ्यांच्या कामाला जोर आला. पण पेढीतल्या पाकिटावर बी गोळा केलं त्या दिवसाची नोंद असते. शेतातला वाण मात्र दर हंगामाला थोडा बदलत राहतो, कधी कायमचा जातोही.

इंटरनेटमुळे ही दरी बुजायला हवी होती. २००१ मध्ये जीबीआयएफ हे जैवविविधतेच्या माहितीचं जागतिक जाळं उभं राहिलं, २००८ मध्ये लोकांनी पाहिलेल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदी घेणारं आयनॅचरलिस्ट आलं. पण आयनॅचरलिस्टवर लागवडीखालच्या झाडाची नोंद सहसा संशोधनाच्या दर्जाला पोहोचत नाही. नैसर्गिक आढळाचे नकाशे बिघडू नयेत म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. पिकांच्या रानटी भाऊबंदांना अशा नोंदींचा फायदाही झाला, कारण ती बांधावर, माळावर आपसूक उगवतात. पेरलेली पिकं मात्र बाहेरच राहिली.

या पिकांसाठी वाट वेगळ्या दिशेनं निघाली. प्रत्येक शेतकऱ्याला तीनच वाण द्यायचे आणि त्यांतला सरस कोणता, कमी प्रतीचा कोणता, एवढंच विचारायचं. मोजपट्टी लागत नाही, तक्ता भरावा लागत नाही. अशी हजारो उत्तरं हवामानाच्या माहितीशी जोडली की कोणता वाण कुठे टिकतो ते दिसू लागतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात निकाराग्वा, इथिओपिया आणि भारतातल्या शेतकऱ्यांनी सांभाळलेल्या १२,४०९ वाफ्यांची माहिती होती. शेतकऱ्याच्या नजरेला इथे मोजमापाइतकाच मान मिळाला. मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मालकीचा प्रश्न मात्र उरतोच. जनुकीय संसाधनांशी निगडित पारंपरिक ज्ञान वापरायचं तर स्थानिक समुदायाची संमती हवी, हे तत्त्व २०१० च्या नागोया या आंतरराष्ट्रीय करारात आलं. खुल्या संकेतस्थळावर एखाद्या दुर्मीळ वाणाचं नेमकं शेत दाखवण्याआधी ते शेत कसणाऱ्याला विचारलंच पाहिजे.