वीज परत आली, पण कॉम्प्युटर सुरू का झाला नाही?
यूपीएस वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वीज गेली की कॉम्प्युटर नीट बंद व्हावा आणि ती आली की कोणी बटण न दाबता सुरू व्हावा, यासाठी यूपीएस, त्याचं सॉफ्टवेअर आणि मदरबोर्ड (कॉम्प्युटरमधला मुख्य सर्किट बोर्ड) या तिघांचा मेळ लागतो. बंद होणं बहुधा सहज जमतं. घोडं अडतं ते पुन्हा सुरू होण्यापाशी.

नेमकं काय बिघडतं

आधी पुरवठा पूर्ण तुटला असेल, तरच 'वीज आली' हे मदरबोर्डला कळतं. कॉम्प्युटर बंद झाल्यावरही यूपीएस बॅटरीवरून आउटपुट देत राहतो, त्यामुळे पॉवर सप्लायमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा (कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डला मिळणारी थोडी वीज) चालूच असतो. तेवढ्यात वीज परतली, तर मदरबोर्डच्या लेखी काहीच घडलेलं नसतं आणि कॉम्प्युटर बंदच राहतो. म्हणून शटडाउन संपल्यावर यूपीएसने आपलं आउटपुट तोडायलाच हवं, वीज मध्येच परत आलेली असली तरीही. हे नसेल, तर बाकीच्या सेटिंगचा उपयोग नाही.

बायोसमध्ये

बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम. त्याच्या सेटिंगमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाचा पर्याय शोधा आणि 'पॉवर ऑन' निवडा. अनेक जण 'लास्ट स्टेट' ठेवतात आणि तिथेच फसतात. नीट शटडाउन झालेल्या कॉम्प्युटरची शेवटची स्थिती 'बंद' हीच असते, मग तो बंदच राहणार. हा पर्याय दिसत नसेल किंवा लागू होत नसेल, तर 'ईआरपी' हे वीजबचतीचं सेटिंग बंद करून पुन्हा पाहा.

सॉफ्टवेअरमध्ये

विंडोजची स्वतःची बॅटरी सेटिंग कॉम्प्युटर बंद करते, पण यूपीएसला आउटपुट तोडायला सांगत नाही. त्यासाठी यूपीएससोबतचं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर त्यासाठी 'नट' किंवा 'एपीसीयूपीएसडी' हे प्रोग्रॅम चालतात. केबल थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावा, मध्ये हब नको. काही यूपीएसवरचं पोर्ट नेटवर्कच्या पोर्टसारखं दिसतं, पण त्याला साधी नेटवर्क केबल चालत नाही. यूपीएससोबत आलेलीच केबल लावा.

आता वेळा. सगळे प्रोग्रॅम उघडे ठेवून शटडाउनला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. ९० सेकंद लागत असतील, तर आउटपुट तोडण्याआधीची मुदत १८० ठेवा, कारण बरीच सॉफ्टवेअर ही मुदत शटडाउनच्या सुरुवातीपासून मोजतात. मुदत कमी पडली, तर लिहिणं चालू असतानाच डिस्कची वीज जाते. 'नट' मात्र ही आज्ञा शटडाउनच्या अगदी शेवटी देतं. त्यामुळे त्याच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये 'ऑफडिले' (आज्ञेनंतर आउटपुट तोडेपर्यंतचा वेळ) २० आणि 'ऑनडिले' (ते पुन्हा सुरू करेपर्यंतचा वेळ) ३० सेकंद या मूळ वेळा सहसा पुरतात. 'ऑनडिले' नेहमी 'ऑफडिले'पेक्षा जास्त हवा.

बल्ब लावून चाचणी

बॅटरी पूर्ण चार्ज करा. कॉम्प्युटरचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घाला, यूएसबी केबल मात्र यूपीएसला जोडलेली राहू द्या. यूपीएसच्या आउटपुटला ६० वॉटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी नको, कारण भार फार कमी असला की काही यूपीएस आपोआप बंद होतात. आता यूपीएसची वीज भिंतीवरच्या बटणाने बंद करा. प्लग ओढू नका, त्याने अर्थिंगही तुटतं.

कॉम्प्युटर बंद झाला पाहिजे, मग ठरलेल्या वेळी बल्ब विझला पाहिजे आणि वीज दिल्यावर पुन्हा लागला पाहिजे. बल्ब विझतच नसेल, तर तोडण्याची आज्ञा यूपीएसपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी चाचणी याहून महत्त्वाची. कॉम्प्युटर बंद झाल्यावर, पण बल्ब विझण्याआधी, वीज परत द्या. बल्ब तरीही काही सेकंद विझून पुन्हा लागला पाहिजे. तो लागलेलाच राहिला किंवा विझून तसाच राहिला, तर प्रत्यक्षात कॉम्प्युटर आपोआप सुरू होणार नाही. दोन्ही चाचण्या जमल्या की कॉम्प्युटर पुन्हा यूपीएसवर घ्या आणि एकदा खरी चाचणी करा.

इशारा न देताच बंद पडत असेल तर

बहुतेक वेळा बॅटरी थकलेली असते. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, उष्ण जागी त्याहून कमी. जुन्या बॅटरीचा आकडा ४० टक्क्यांवरून थेट शून्यावर येऊ शकतो. म्हणून टक्क्यांवर विसंबू नका. 'बॅटरीवर २ मिनिटं झाली की शटडाउन' असा नियम लावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढा, तो गरम होताना एकदम मोठा भार घेतो.

वीज परतल्यावर बॅटरी बरीच रिकामी असू शकते आणि भरायला कित्येक तास लागतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये 'किमान चार्ज झाल्यावरच आउटपुट सुरू' असा पर्याय असेल, तर तिथे निदान एका पूर्ण शटडाउनला पुरेल इतका चार्ज ठरवा. नाहीतर सुरू होता होता पुन्हा वीज गेली, तर कॉम्प्युटर तसाच धाडकन बंद पडेल.