डेरी की लंडनडेरी? आयर्लंड सहलीतील एका शहराविषयी आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या सहलीच्या कागदपत्रांत एकाच शहराचे नाव आपल्याला दोन प्रकारे छापलेले दिसेल. आमच्या दिनक्रमात ते ‘डेरी’ आहे, व्हिसाच्या कागदांत ‘लंडनडेरी’ आहे आणि तिथल्या रेल्वे स्थानकाच्या नावात दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. ही छपाईची चूक नव्हे. ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधील या शहरात माणूस कोणते नाव उच्चारतो, यावरून तो स्वतःला आयरिश मानतो की ब्रिटिश, याचा अंदाज ऐकणारा मनाशी बांधत असतो. सहलीतल्या इतर ठिकाणांसाठी आम्ही वेगळे पत्रक काढत नाही, कारण समुद्रकडे आणि किल्ले पाहताक्षणीच आवडतात. हे शहर मात्र आधी काही ठाऊक असल्याशिवाय दिसतच नाही.

मूळ आयरिश नाव ‘दोइरे’, म्हणजे ओकवृक्षांची राई. सहाव्या शतकात संत कोलंबा यांनी या राईत मठ स्थापन केला, अशी परंपरा आहे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजसत्तेने आयर्लंडच्या उत्तर भागातील जमिनी स्थानिक कॅथलिक आयरिशांकडून काढून घेऊन तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील प्रोटेस्टंट कुटुंबे वसवली. या वसाहतीचा खर्च लंडनच्या व्यापारी संघांवर टाकण्यात आला आणि 1613 च्या सनदेने शहराच्या नावामागे ‘लंडन’ जोडले गेले. 1984 मध्ये नगरपरिषदेने स्वतःच्या नावातून तो शब्द काढला. पण शहराचे कायदेशीर नाव त्यामुळे बदलत नाही, असे न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या रस्त्यांवर ‘लंडनडेरी’ अशा पाट्या आहेत, त्यांपैकी काहींवर पहिली अक्षरे रंग फासून खोडलेली आपल्याला दिसतील, आणि पलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकात फक्त ‘डेरी’ लिहिलेले असेल.

सनदेपाठोपाठ तट बांधला गेला. सुमारे दीड किलोमीटरचा हा तट आजही अखंड आहे आणि त्यावरून संपूर्ण फेरी मारता येते. डिसेंबर 1688 मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याचे सैन्य जवळ आले, तेव्हा शहराचे अधिकारी काय करावे या विवंचनेत असताना 13 शिकाऊ कामगार मुलांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले. पुढच्या वर्षी 105 दिवस वेढा पडला. आत अडकलेल्यांपैकी हजारो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. वेढ्यातल्या एका धर्मोपदेशकाने खाण्याच्या जिनसांचे भाव लिहून ठेवले आहेत: मांजर साडेचार शिलिंग, उंदीर एक शिलिंग. तरीही शहर शरण गेले नाही, आणि जुलै 1689 च्या अखेरीस नदीवरचा अडसर तोडून धान्याची जहाजे आत शिरली. प्रोटेस्टंट समाजासाठी ‘शरणागती नाही’ ही केवळ घोषणा नाही. पूर्वजांनी उंदीर खाऊन राखलेली ती गोष्ट आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये वेढा उठल्याच्या स्मरणार्थ, त्या मुलांचे नाव घेतलेल्या संघटनेचे मोठे संचलन निघते.

तटावर फिरताना पश्चिमेच्या बाजूला जरूर थांबा आणि खाली पाहा. उतारावर जी दाटीची वस्ती दिसते ती बॉगसाइड. तटाच्या आतले शहर एका समाजाचे आणि बाहेरच्या पाणथळ जमिनीवरची वस्ती दुसऱ्या समाजाची, अशी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वरून तो तट संरक्षणाचा वाटतो, खालून पाहणाऱ्याला मात्र डोक्यावर उभा राहिलेला वाटतो. म्हणूनच आम्ही या शहराला पूर्ण दिवस देतो आणि दोन्ही समाजांतील एकेक स्थानिक मार्गदर्शक घेतो, यात खर्च वाढतो तरीही.

आमच्याकडे बरेच प्रवासी विचारतात, ‘म्हणजे हे धर्माचेच भांडण ना?’ धर्माने माणसांची ओळख ठरते हे खरे, पण भांडण देवावरून झालेले नाही. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले आणि सीमा या शहरापासून जेमतेम काही किलोमीटरवर आली. शहरात बहुसंख्या कॅथलिकांची, म्हणजे बहुतांशी संयुक्त आयर्लंड हवे असणाऱ्यांची होती. तरीही नगरपालिका ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनवाद्यांच्या हाती राहिली, कारण प्रभागांच्या सीमाच तशा आखल्या होत्या: कॅथलिक मतदार एका मोठ्या प्रभागात कोंबून त्यांना आठ जागा, आणि उरलेल्या दोन प्रभागांतून युनियनवाद्यांना बारा. त्यात स्थानिक निवडणुकीत मत फक्त घरधन्याला आणि त्याच्या पत्नीला असे. आईवडिलांकडे राहणारा सज्ञान मुलगा किंवा एका खोलीत भाड्याने राहणारे जोडपे यांना नसे. म्हणजे नगरपालिकेने एखाद्या कुटुंबाला घर दिले की मत दिल्यासारखेच होते. घरांसाठीच्या प्रतीक्षायादीवरून माणसे रस्त्यावर का उतरली, ते यावरून ध्यानात येईल. 5 ऑक्टोबर 1968 रोजी ड्यूक स्ट्रीटवर नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, ते चित्रण जगभर दाखवले गेले आणि पुढे तीस वर्षे चाललेल्या संघर्षाची सुरुवात अनेक जण त्या दिवसापासून मोजतात.

ऑगस्ट 1969 मध्ये प्रोटेस्टंटांच्या त्या वार्षिक संचलनाच्या दिवशी दगडफेक सुरू झाली आणि बॉगसाइडचे रहिवासी व पोलीस यांच्यात तीन दिवस लढाई झाली. त्यानंतर ब्रिटिश सैन्य शहरात आले. त्या वस्तीच्या तोंडाशी एका घराची त्रिकोणी भिंत आजही एकटी उभी आहे. मागचे घर पाडले गेले, पण भिंत राखली. तिच्यावर काळ्या अक्षरांत लिहिले आहे की आता आपण मुक्त डेरीत प्रवेश करत आहात.

या भिंतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर 30 जानेवारी 1972 रोजी, विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्धच्या मोर्चावर ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले आणि एक जखमी काही महिन्यांनी गेला. घाईने झालेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले आणि मृतांवर शस्त्रे हाताळल्याचा संशय ठेवला. हा डाग पुसण्यासाठी नातेवाइकांना 38 वर्षे झगडावे लागले. दुसऱ्या चौकशीचा अहवाल 15 जून 2010 रोजी जाहीर झाला. नातेवाइकांनी तो गिल्डहॉल या नगरभवनात आधी वाचला, आणि बाहेर चौकात जमलेल्या हजारोंना खिडकीतून हात काढून अंगठा वर करून दाखवला. थोड्याच वेळात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी लंडनच्या संसदेत सरकारच्या वतीने क्षमा मागितली, ती चौकातल्या मोठ्या पडद्यावर लोकांनी ऐकली. गिल्डहॉलमध्ये आपण चहापूर्वी थांबणार आहोत. त्या रंगीत काचांच्या खिडक्यांकडे पाहताना हे आठवावे.

त्याच बरोबर क्लॉडीही विसरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. 1972 मध्येच, 31 जुलैला, शहराजवळच्या या लहान गावात गाड्यांत ठेवलेले तीन बॉम्ब फुटले आणि दोन्ही समाजांतील नऊ माणसे मेली, त्यात एक लहान मुलगीही होती. संघर्षात एकूण साडेतीन हजारांहून अधिक बळी गेले. दुःख एकाच वस्तीत वसलेले नाही. तटाच्या बाहेर, त्याला लागूनच फाउंटन नावाची छोटी प्रोटेस्टंट वस्ती उरली आहे. तिच्या फुटपाथच्या कडा लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगवलेल्या आहेत. त्या समाजातील बरीच कुटुंबे हिंसाचाराच्या काळात नदी ओलांडून वॉटरसाइडला राहायला गेली. आपलेच शहर सोडावे लागल्याची त्यांची वेदना ऐकणारे कमी भेटतात, म्हणून आमचा दुसरा मार्गदर्शक आपल्याला तिथे नेतो.

बॉगसाइडच्या भित्तिचित्रांत शाळेच्या गणवेशातील एका मुलीचे चित्र आहे. 1971 मध्ये ती 14 वर्षांची असताना गोळी लागून गेली. चित्र प्रथम काढले तेव्हा तिच्याजवळची बंदूक धड होती आणि वरचे फुलपाखरू रंगाविना नुसते रेखाटलेले होते. शांतता टिकेल असा विश्वास वाटल्यावर चित्रकारांनी ती बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरात रंग भरले.

10 एप्रिल 1998 च्या शांतता करारानंतर या शहराचे सुपुत्र जॉन ह्यूम यांना युनियनवादी नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यासह त्या वर्षीचे शांततेचे नोबेल मिळाले. 2011 मध्ये फॉइल नदीवर केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी शांतता पूल खुला झाला. तो जुन्या लष्करी छावणीच्या मैदानाला गिल्डहॉलच्या बाजूशी जोडतो. अर्थात सारे मिटले असे समजू नये. 2019 मध्ये येथील क्रेगन वस्तीत दंगलीच्या वेळी एका तरुण महिला पत्रकाराचा गोळी लागून मृत्यू झाला.

आता वागण्याविषयी. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातील एका काकांनी दुकानदाराला सरळ विचारले, ‘तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट?’ दुकान एकदम शांत झाले. चूक काकांची नव्हती, आम्ही त्यांना काही सांगितले नव्हते. हे पत्रक आम्ही तेव्हापासून देऊ लागलो. असा प्रश्न कृपया कोणालाही विचारू नये. शहराचे नाव घेण्याची वेळ आली तर समोरच्याने जे वापरले तेच वापरावे. मृतांच्या नावांच्या स्मृतिशिळेपुढे हसरी छायाचित्रे काढू नयेत. तिथे नावे वाचणारे लोक अनेकदा त्याच घरांतले असतात.

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग असल्याने भारतीय पासपोर्टधारकांना फक्त साधा आयरिश व्हिसा पुरत नाही. त्यावर ब्रिटिश-आयरिश योजनेची नोंद असावी लागते, आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावे लागते. सीमेवर आज नाका नाही, पासपोर्ट सहसा कोणी मागत नाही, पण कायद्याने तो सोबत असलाच पाहिजे. शहरात पौंड चालतात, युरो सगळीकडे घेतले जात नाहीत. आयर्लंड प्रजासत्ताकातील डोनेगलकडून बसने येताना रस्त्याकडेच्या पाट्यांवर लक्ष ठेवा: किलोमीटर संपून मैल सुरू झाले की आपण सीमा ओलांडलेली असेल.