लाल गोळी, चहाचा घोट आणि मधले दोन तास

ठाणे जिल्ह्यातल्या ऐरोलीला माझी मामेबहीण राहते. तिला सहावा महिना आहे. गेल्या रविवारी तिच्याकडे गेले होते. पोहे खाऊन झाल्यावर तिने पर्समधून दोन पट्ट्या काढल्या. एकीतली लोहाची लाल गोळी आणि दुसरीतली जाडजूड पांढरी कॅल्शियमची गोळी तिने चहाच्या घोटाबरोबर एकदम घेतली. "दोन्ही एकदाच घेऊन टाकते गं ताई, मग गडबडीत विसरायला नको." एकही दिवस तिने चुकवला नव्हता. तरी एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, दोन महिने जागचं हललं नव्हतं.

पोरीचा नेम पक्का होता, पण वेळ चुकत होती. लोह शरीरात शिरतं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून. तिथे त्याच वेळी कॅल्शियम आलं की लोहाची वाट अडते. चहातलं टॅनिन तर लोहाला असं पकडून ठेवतं की त्यातलं बरंच शौचावाटे निघून जातं. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवतं आणि ते सहज शोषलं जातं. म्हणून लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम यांच्यात नि तिच्यात किमान दोन तास जाऊ द्यावेत. ॲसिडिटीच्या गोळीलाही हेच लागू. थायरॉईडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर हवं. रिकाम्या पोटी लोह सर्वांत चांगलं लागतं, पण मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेतलेली बरी. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, गोळी बंद पडता कामा नये.

कारण गरजच मोठी आहे. गरोदरपणात आईचं रक्त जवळपास दीडपट होतं. वाढीव तांबड्या पेशी, बाळ, वार आणि शरीरातून रोज होणारी झीज मिळून नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. एवढं ताटातून भरून निघणं बहुतेकींना अवघड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ११ ग्रॅमच्या खाली होतं.

सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एचबी कमी आलं तर डॉक्टर दोन सांगतात. फॉलिक ॲसिड मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हवं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटून बंद होते, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचं पुरतं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करायचं.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा माग मुंबईतच लागला, हे मला फार मोलाचं वाटतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांना होणारा एक घातक रक्तक्षय तिने अभ्यासला, आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातला तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे कळलं.

घोळ होतो तो पट्टीवरच्या आकड्यांचा. 'फेरस सल्फेट २०० मिग्रॅ' लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष लोह सुमारे ६०-६५ मिलिग्रॅमच असतं. वाचायचा तो 'एलिमेंटल आयर्न'चा आकडा. खाजगी डॉक्टरांच्या गोळीत तो अनेकदा १०० असतो. मग सरकारी गोळी, खाजगी गोळी आणि वर मल्टिव्हिटॅमिन असं तिहेरी लोह नकळत पोटात जातं, आणि बद्धकोष्ठ, पोटदुखी मागे लागते. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात.

शी काळी होते, ती न शोषलेल्या लोहामुळे. घाबरायचं कारण नाही. पण ती डांबरासारखी चिकट झाली किंवा चक्कर येऊ लागली तर लगेच दाखवा. 'गोळ्या उष्ण पडतात', 'बाळ काळं होतं' असं सासरी-माहेरी ऐकवलं जातं. बाळाच्या रंगाचा या गोळीशी काडीचाही संबंध नाही.

नीट गोळ्या घेऊनही महिनाभरात एचबी एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर आपणहून गोळ्या वाढवू नका, कारण शोधायला लावा. ठाणे जिल्ह्यात हे विशेष महत्त्वाचं. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आहेत, शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचा विचार करावा लागतो. हे दोन्ही आई-वडिलांकडून येणारे रक्ताचे आजार. अशा वेळी रक्त कमी असतं, पण लोह कमी असेलच असं नाही. एचपीएलसी नावाची रक्ततपासणी ते उलगडते. शुद्ध शाकाहारी बाईचं बी-१२ ही बघायला सांगा, कारण नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि बी-१२ अभावी नसांची हानी मात्र आतून चालूच राहते.

हे सगळं बोलत असताना बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा तिच्या पर्समध्ये हात घालून बसला होता. लाल, साखरेचं आवरण असलेली गोळी, त्याच्या दृष्टीने खाऊच. दहा किलोच्या मुलाच्या पोटात अशा दहा गोळ्या गेल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह होतं, आणि ते जिवावर बेततं. यात फसवी गोष्ट अशी की आधी उलट्या होतात, मग काही तास मूल सावरल्यासारखं दिसतं, आणि त्यानंतर यकृत ढासळतं. म्हणून मूल ठीक दिसतंय म्हणून थांबायचं नाही. पट्टी हातात घेऊन त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

मी पर्स काढून घेतली. बहिणीने दोन्ही पट्ट्या कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि कॅल्शियमसाठी मोबाईलवर दुपारी दीडचा गजर लावला.